बियांपासून पिवळी कोरांटी

ओळख : भारतातले मूळचे बहुवर्षायू काटेरी झुडूप, शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस. उंची साधारण १ ते १.५ मीटर. पावसाळा सरला की पिवळी-केशरी फुले येतात.

बी : एका बोंडात दोन चपट्या बिया. बोंड वाळले की तडकते आणि बिया दूर उडतात. म्हणून तपकिरी होऊ लागताच त्यावर मलमलची पिशवी बांधा.

पेरणी : जूनच्या तोंडावर. माती, वाळू व शेणखत समप्रमाणात घ्या. बी अर्धा सेंमी खोल पेरा. बियांवरची लव ओली झाली की चिकट होते, म्हणून त्या भिजत घालू नका, कोरड्याच पेरा.

जागा : भरपूर ऊन, निचऱ्याची मुरमाड जमीन. पाणी साचल्यास मुळे कुजतात.

निगा : पहिला उन्हाळा अधूनमधून पाणी द्या; मुळे खोल गेली की फारसे लागत नाही. बहर संपल्यावर छाटणी करा. काटे तीक्ष्ण असतात, हातमोजे घाला.

का लावावी : लेमन पॅन्सी फुलपाखराच्या अळ्या हिच्या पानांवर वाढतात. कुरतडलेली पाने दिसली तरी कीटकनाशक फवारू नका.