शेतकऱ्याचें वित्त आणि सावकाराचा कागद

जीवितवित्ताचें रक्षण म्हणजे चोरदरोडेखोरांपासून रक्षण, अशी पुष्कळांची समजूत आहे. शिरूर व दौंड या भागांचा इतिहास निराळें सांगतो. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडे गांवीं एका सावकारानें हुकूमनाम्याच्या जोरावर तेथील देशमुखास बेघर करण्याचा घाट घातला, तेव्हां गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला. पुढें १२ मे १८७५ रोजीं तत्कालीन भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें दंगल उसळली. जमावाचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते मुकाट्यानें दिले तेथें बहुधा कोणास इजा झाली नाहीं.

लुटालूट निंद्यच होय. आम्ही तिचें समर्थन करीत नाहीं. परंतु निरक्षराचा अंगठा घेऊन त्याची जमीन गिळणें, ही कायद्याच्या आश्रयानें झालेली लूटच नव्हे काय? १८७९ सालीं सरकारनें कायदा करून शेतकऱ्याचे रोखे निबंधकासमोर व्हावे, त्यास पावती मिळावी व कर्जापायीं तुरुंग टळावा, असें ठरविलें. आजही २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमान्वयें परवान्यावांचून सावकारी करणें गुन्हा आहे, आणि सावकारींत १५ वर्षांच्या आंत गेलेल्या जमिनीबद्दल जिल्हा निबंधकाकडे दाद मागतां येते.

पण कायदा पुस्तकांत राहून गांवाचें रक्षण होत नाहीं. आमच्या व्यापारी बंधूंस इतकीच विनंती कीं, त्यांनीं प्रत्येक वसुलीची पावती द्यावी आणि सही घेण्यापूर्वीं कागद चारचौघांत वाचून दाखवावा. ज्याचा हिशेब स्वच्छ, त्यास जमावाचें भय कशास?