विषाणू सगळ्यांच्याच अंगात, मग आजार काहींनाच का?

लहानपणी तुम्हाला कांजिण्या झाल्या असतील, तर तो विषाणू आजही तुमच्या चेतापेशींत झोपलेला आहे. उतारवयात तोच जागा झाला की नागीण उठते. हर्पिस कुळातले विषाणू असेच, एकदा शिरले की कायमचे मुक्कामाला. या झोपेला आपण 'सुप्तावस्था' म्हणू.

पण तो काहींमध्येच का जागा होतो? वय, ताण ही कारणं आहेतच. शिवाय जनुकंही. माणसांत ही कारणं वेगळी काढणं अवघड, कारण प्रत्येकाचं राहणीमान निराळं. कोंबड्यांत मात्र ते जमतं.

हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये कोंबड्यांमधल्या पक्षाघाताचं वर्णन केलं. आज त्याला मारेक्स रोग म्हणतात, आणि तो हर्पिस विषाणूमुळेच होतो. पिसांच्या मुळाशी तयार झालेला विषाणू कोंड्यातून धुळीत मिसळतो आणि श्वासावाटे दुसऱ्या पक्ष्यात जातो. तिथे सुरुवातीला तो रोगप्रतिकारक पेशी फोडतो. साधारण आठवडाभराने टी-पेशींमध्ये गप्प बसतो.

इथून पुढे वाटा फुटतात. कोंबडीच्या प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांच्या एका गटाला 'बी' गट म्हणतात. त्याचा 'बी-२१' प्रकार असलेल्या कोंबड्या सहसा तग धरतात. 'बी-१९' असलेल्यांमध्ये गाठी होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. अमेरिकेत संशोधनासाठी जोपासलेल्या ६ आणि ७ क्रमांकाच्या वाणांत तर 'बी' गट सारखाच आहे, तरी ६ टिकतो आणि ७ आजारी पडतो. म्हणजे हा एकट्या जनुकाचा खेळ नाही.

गंमत म्हणजे टिकणाऱ्या कोंबड्यांनाही संसर्ग होतोच! फक्त त्यांच्या अंगात विषाणू कमी वाढतो आणि झोपलेलाच राहतो. आजारी पडणाऱ्यांमध्ये तो पुन्हा उसळतो, टी-पेशी बेसुमार वाढतात, गाठी होतात.

याचं एवढं महत्त्व का? कारण या रोगाची लस गाठी रोखते, संसर्ग नाही. लस दिलेले पक्षीही विषाणू पसरवत राहतात. २०१५ च्या एका प्रयोगात दिसलं, की अतिजहाल विषाणू लस न दिलेल्या पक्ष्यांना इतक्या लवकर मारतो की त्याला पसरायला वेळच मिळत नाही. लस दिलेल्यांत मात्र तो टिकतो आणि फैलावतो. म्हणून नुसत्या लशीवर न विसंबता टिकाऊ वाणांची पैदासही करावी लागते.

तेव्हा 'प्रतिकारक वाण' असं कुठे वाचलंत, तर 'विषाणूमुक्त' असा अर्थ घेऊ नका. विषाणूला झोपवून ठेवणारा वाण, एवढाच त्याचा अर्थ.