आजारपण, भांडवल आणि विमा : मधल्या माणसाचे काय?

धंद्यातला तोटा खतावणीत दिसतो. घरातले आजारपण मात्र खतावणीत न दिसताच भांडवल खाऊन जाते. सुताचे पैसे द्यायचे राहतात, कारीगराची पेशगी थांबते आणि शेवटी घरातला दागिना सराफाकडे जातो. आम्हा कापडवाल्यांना हे नवीन नाही. म्हणून आरोग्य विम्यातील सुधारणेचा वाद केवळ दिल्लीच्या तज्ज्ञांचा नाही, आपल्या तिजारतीचाही आहे.

आधी रचना पाहू. कारखान्यातील कामगारांसाठी १९४८ च्या कायद्याने राज्य कामगार विमा योजना आली. ती साधारणपणे १० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होते. गरिबांसाठी २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना आली. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ३० हजारांचे संरक्षण होते. २०१८ मध्ये तिच्या जागी प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली आणि ही रक्कम ५ लाख झाली. श्रीमंत माणूस स्वतःची पॉलिसी घेतो. मग उरला कोण? चार मागांचा मालक, शिलाईचा कारीगर, लहान दुकानदार. त्याचे नाव ना हजेरीपटावर, ना गरिबांच्या यादीत. नीती आयोगाने ऑक्टोबर २०२१ च्या अहवालात असे विम्याविना राहिलेले लोक सुमारे ४० कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ३० टक्के, असल्याचे म्हटले.

त्यांच्यासाठी काय करावे, यावर दोन मते आहेत. एक मत म्हणते, स्वस्त पॉलिसी काढा, हप्त्याला सरकारी मदत द्या. दुसरे म्हणते, तोच पैसा सरकारी दवाखान्यांवर खर्च करा, कारण विमा बहुधा इस्पितळात दाखल झाल्यावरच कामी येतो. साखर, रक्तदाब, दम्याची रोजची औषधे खिशातूनच घ्यावी लागतात. सरकारच्याच हिशेबाप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. आम्हाला दुसऱ्या मतात वजन वाटते. पण मोठे ऑपरेशन निघाले तर विम्याशिवाय निभाव लागत नाही, हेही खरे.

महाराष्ट्रात मात्र एक दरवाजा उघडला आहे आणि पुष्कळांना त्याची खबर नाही. २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. जुलै २०२४ पासून ती सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू झाली आणि संरक्षण ५ लाखांचे झाले. म्हणजे पांढऱ्या कार्डावरचा दुकानदारही तिच्यात आला. अट एवढीच की इस्पितळ योजनेतले हवे आणि उपचार यादीतला हवा. दाखल होतानाच तेथील आरोग्यमित्राला गाठावे, बिल झाल्यावर नव्हे.

खाजगी पॉलिसी घेणाऱ्यांनी जुना आजार लपवू नये. २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवू शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालली, तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही. व्यक्ती व कुटुंबाच्या पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे.

काही बिरादरांच्या मनात शरीअतचा प्रश्न असतो. जेद्दाहच्या फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्यावर आधारलेला विमा जायज मानला. आपल्यासाठी हुकूम काय, हे आलिमांनाच विचारावे. मात्र वरील राज्य योजनेत लाभार्थी हप्ता भरत नाही, हे विचारताना जरूर सांगावे.

या जुम्म्यापूर्वी एक काम करा. घरातल्या प्रत्येकाचे नाव शिधापत्रिकेवर आहे काय आणि आधारशी जुळते काय, ते पाहा. एका ठिकाणी ‘शेख’, दुसऱ्या ठिकाणी ‘शैख’ असेल तर आजच दुरुस्त करून घ्या. परप्रांतातून आलेल्या कारीगरांकडे इथली शिधापत्रिका नसते. त्यांचे नाव केंद्राच्या यादीत असेल, तर इथल्या योजनेतल्या इस्पितळातही त्यांना लाभ मिळतो. ती चौकशी मालकाने करावी. कारीगर वाचला तर माग चालेल.