विषारी फुलपाखरांचा सामाईक गणवेश

रुईच्या पानांवर वाढणारं केशरी प्लेन टायगर फुलपाखरू तुम्ही पाहिलं असेल. ते विषारी असतं. डॅनेड एगफ्लायची मादी विषारी नसते, पण तिचे पंख हुबेहूब त्याच्यासारखे. ही तोतयेगिरी. हेन्री बेट्सने अ‍ॅमेझॉनच्या फुलपाखरांवरून १८६२ मध्ये ती उलगडून दाखवली. पण दोन जाती विषारीच असतील, तर त्यांनी एकमेकींसारखं का दिसावं? त्यांना कोणाच्या नावावर जगायची गरज नाही.

याचं उत्तर ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या फ्रिट्झ म्युलर या जर्मन निसर्गतज्ज्ञाने १८७८-७९ मध्ये दिलं, तेही वाण्याच्या हिशेबासारखं. कोवळ्या पक्ष्याला कडू काय ते चाखूनच कळतं. समजा, एका जातीची १०,००० फुलपाखरं आहेत, दुसरीची २,०००. धडा शिकेपर्यंत पक्षी प्रत्येक नक्षीची १,२०० मारतात. नक्षी वेगळी असेल तर दोन्ही जातींचे १,२००-१,२०० बळी. एकच असेल तर मिळून १,२०० : मोठीचे १,०००, लहानीचे २००. म्हणजे संख्येने कमी असणारीचा फायदा कितीतरी जास्त. आम्हा फौजी माणसांना लपण्याचे रंग माहीत. हा गणवेश मात्र उठून दिसण्यासाठीच आहे.

मग सगळ्या विषारी जाती एकाच रंगाच्या व्हायला हव्यात. तसं झालेलं नाही, आणि खरी गंमत इथेच आहे.

दक्षिण अमेरिकेत हेलिकोनियस एराटो आणि मेलपोमेनी या दोन जाती आहेत. त्यांच्या अळ्या कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलींवर वाढतात. दोघी जवळच्या बहिणी नाहीत, तरी शेजारी उडताना जाणकारही फसतो. एका भागात दोघींच्या काळ्या पंखांवर लाल पट्टा, तर दुसऱ्या भागात दोघींना केशरी किरणांसारख्या रेघा. गणवेश बदलतो, जोडी तीच. पेरूमध्ये जेम्स मॅलेट आणि निक बार्टन यांनी एराटो फुलपाखरं एका नक्षीच्या भागातून उचलून दुसऱ्या नक्षीच्या भागात सोडली. परकी नक्षी असणारी तिथे फार कमी टिकली. तिथल्या पक्ष्यांचा धडा वेगळ्या गणवेशाचा होता ना!

म्हणजे जो दबाव दोन जातींना सारखं करतो, तोच एका जातीच्या दोन वस्त्यांना वेगळं ठेवतो. पनामात मेलपोमेनी लाल पट्ट्याच्या एराटोसारखी दिसते, तर तिची जवळची नातलग सिडनो काळ्या-पांढऱ्या सॅफोसारखी. नर आपल्याच रंगाच्या मादीमागे जातात. क्वचित संकर झालाच, तर पिल्लांची नक्षी दोन्हींतली नसते, आणि अनोळखी नक्षीवर पक्षी बेधडक चोच मारतात. एका घराण्याच्या दोन जाती अशा दुरावत गेल्या.

आता जंगलतोडीचा विचार याच हिशेबाने करा. जोडीतली १०,००० वाली जात एखाद्या खोऱ्यातून गेली, तर पक्ष्यांना शिकवण्याचा सगळा खर्च उरलेल्या २,००० वर येतो.