निनावी वस्तीचे नाव शोधताना

शहराची हद्द वाढते तेव्हा जमीन, पाणी आणि मिळकतकर यांचा हिशेब लगेच मांडला जातो, परंतु दोन जुन्या गावांच्या मधल्या शेतांवर जी नवी वस्ती उभी राहते तिला काय म्हणायचे, याचा विचार बहुधा कोणी केलेला नसतो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे समाविष्ट झाली. या गावांना स्वतःची नावे होतीच. निनावी राहिला तो गावठाणाबाहेरचा, म्हणजे महसुली नोंदीत मूळ वस्तीची जागा म्हणून दाखवलेल्या भागापलीकडचा परिसर. तेथील रहिवाशाचा पत्ता सोसायटीचे नाव, सर्व्हे नंबर आणि एखाद्या शाळेच्या वा मंगल कार्यालयाच्या ‘मागे’ किंवा ‘समोर’ अशा तुकड्यांनी जोडावा लागतो. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका बोलावताना ही अडचण जिवावर बेतू शकते, आणि रस्ता किंवा बसथांबा मागताना प्रत्येक सोसायटी एकटी पडते.

पुण्याच्या जुन्या पेठांचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. पेठ म्हणजे बाजारासह वसवलेली वस्ती; व्यापाऱ्यांनी तेथे येऊन राहावे म्हणून त्यांना सवलती दिल्या जात आणि बाजाराच्या व्यवस्थेसाठी शेटे, महाजन हे वतनदार नेमले जात. आजची सोमवार पेठ पूर्वी शहापूर, रविवार पेठ मलकापूर, शुक्रवार पेठ विसापूर आणि गुरुवार पेठ वेताळ पेठ म्हणून ओळखली जाई. पुढे वारांची नावे इतकी रुळली, की जुनी नावे आता इतिहासाच्या पुस्तकांतच भेटतात. सदाशिव पेठेला पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे आणि नारायण पेठेला नारायणराव पेशव्यांचे नाव मिळाले. येथे नाव देणारी सत्ता आणि वस्ती वसवणारी सत्ता एकच होती, म्हणून घोषणा आणि वापर यांत फारसे अंतर पडले नाही.

आजच्या वस्तीचे तसे नसते. तिचे नाव येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडी घडते आणि कार्यालयात ते पुष्कळ उशिरा पोहोचते. कर्वे रस्त्यावरील नळ स्टॉप हे नाव कोणत्याही सभेच्या ठरावाने सुरू झालेले नाही. एक नळ आणि एक थांबा यांच्या खुणेवरून ते लोकांच्या बोलण्यात बसले, आणि २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा स्थानकाच्या पाटीवरही तेच आले. कोंढव्याकडील एका मोठ्या भागाला राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून ‘एनआयबीएम’ म्हणतात. संस्थेचे पूर्ण नाव ठाऊक नसलेली माणसेही हे नाव बिनचूक वापरतात, म्हणून ते खरे नाव झाले आहे. याउलट बांधकाम व्यावसायिक शेजारच्या महागड्या भागाच्या नावापुढे ‘ॲनेक्स’ जोडून जे नाव जाहिरातीत छापतात, ते वस्तीची ओळख पुसून तिला शेजाऱ्याची पुरवणी ठरवते; अशा नावाला रहिवाशांनी मान्यता देऊ नये, हेच योग्य होय.

मग नाव शोधायचे कोठे? पहिला आधार बोलण्याचा. रिक्षाचालक, टपाल वाटणारा, पाण्याचा टँकर आणणारा आणि पीएमपी या शहर बससेवेचा वाहक त्या जागेला काय म्हणतात, हे ऐकले की पुष्कळदा एक-दोन नावे आधीच चालू असल्याचे आढळते. दुसरा आधार दफ्तराचा, आणि तो अधिक दुर्लक्षित आहे. सातबारा उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ अशी एक नोंद असते. शिवारातील, म्हणजे गावच्या शेतजमिनीतील, निरनिराळ्या भागांना शेतकऱ्यांनी विहिरीवरून, झाडावरून, ओढ्यावरून वा जमिनीच्या पोतावरून नावे दिलेली असतात आणि त्यांतील काही या नोंदीत टिकून राहतात. जमीन बिगरशेती झाली की व्यवहारात क्रमांक तेवढा उरतो आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले नाव गळून पडते. ते माहीत असलेली म्हातारी माणसे गावठाणात अजून आहेत. त्यांना आजच विचारले पाहिजे.

नवे नाव देण्याने जुन्या नावांची साखळी तुटते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. बुद्रुक म्हणजे थोरले गाव आणि खुर्द म्हणजे धाकटे. हिंगणे बुद्रुक येथे महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रीशिक्षणाचे कार्य उभे केले, आणि त्यांच्या सन्मानार्थ तो भाग कर्वेनगर झाला. हा बदल सर्वस्वी उचित होता; मात्र त्यामुळे सिंहगड रस्त्यावरील हिंगणे खुर्द आज धाकटे कोणाचे, हे तेथे नव्याने राहायला आलेल्यांना उमगत नाही.

तथापि रूढ नाव म्हणजे योग्य नाव, असा नियम करता येत नाही. वस्तीला जातीचे नाव चिकटवून तिथल्या माणसांना पत्त्यातूनच हिणवण्याची प्रथा महाराष्ट्रात दीर्घकाळ चालली. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये अशी नावे बदलण्याचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे सुचवली. निर्णय न्याय्य आहे आणि त्याची अंमलबजावणी रहिवाशांच्या संमतीने, वेगाने व्हायला हवी. मात्र तेच नाव अनेक ठिकाणी दिले गेले तर टपाल आणि रुग्णवाहिका यांचा घोटाळा पुन्हा उद्भवतो. म्हणून सन्मानाच्या नावाला त्या शिवाराचे जुने स्थानिक नाव जोडण्याची मुभा रहिवाशांना मिळावी, आणि ठराव होताच तेच संयुक्त नाव मिळकतकराच्या बिलावर, बसथांब्यावर आणि टपाल कार्यालयाच्या वाटप यादीत एकाच वेळी नोंदवले जावे.