उपग्रहाला गवत दिसतं कसं?

मुलांनो, साताऱ्याचे माण-खटाव आणि सांगलीचे आटपाडी-जत हे तालुके दुष्काळी. पाऊस रुसला, की माळावरचं गवत करपतं. २०१२-१३ साली तर इथे गुरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. गोठ्यातला खिल्लार बैल उपाशी राहण्याआधीच चाऱ्याची टंचाई कळली तर?

त्यासाठी उपग्रह मदतीला येतो. भारताने २०११ साली सोडलेला ‘रिसोर्ससॅट-२’ जमिनीपासून सुमारे ८१७ किलोमीटर उंचीवर गेला. एवढ्या लांबून गवत कसं दिसणार? गंमत अशी, की हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत पाठवतं. वाळलेल्या गवतात हा फरक कमी होतो. उपग्रह दोन्ही प्रकाश मोजतो. त्यावरून कुठलं कुरण किती हिरवं, याचा नकाशा बनतो. मागच्या वर्षांच्या नकाशांशी तो ताडून पाहिला, की टंचाईची चाहूल लागते.

पण एक अडचण आहे बरं का! गाजरगवतही हिरवंच, आणि गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. वरून हे ओळखणं कठीण. म्हणून माळावर जाऊन पाहावंच लागतं. तुमच्या गावातल्या मेंढपाळ आजोबांना मात्र ते चटकन कळतं. कोणतं गवत गुरं आवडीने खातात, त्यांना विचारून या!