मांजरांतील मूत्रावरोध व क्षुधामांद्य

नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुका हा गोधनाचा प्रदेश होय. शेजारच्या कंधारचे नाव धारण करणारी लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातील देवणी या जातींच्या गाईबैलांना येथील कृषिजीवनात जे स्थान आहे, ते मांजराला नाही. मांजर घरात वावरते, उंदीर मारते, उरलेली दूधभाकरी खाते. त्याचा आजार पशुवैद्याला बहुधा एकाच वाक्यात सांगितला जातो : ‘दोन दिवसांपासून काही खात नाही.’ हे वाक्य खरे असते, परंतु ते अपुरे असते. न खाणे हे लक्षण आहे. त्याचे मूळ पुष्कळदा मूत्रमार्गात असते. म्हणून मांजर, विशेषतः बोका, खात नसेल तर त्याला लघवी होते की नाही हा प्रश्न प्रथम विचारणे अवश्य आहे.

या संबंधाचा उलगडा होण्यासाठी मांजराची शरीरप्रकृती ध्यानात घ्यावी लागते. पाळीव मांजराचे पूर्वज शुष्क प्रदेशांत राहणारे होते. त्यांचे मूत्रपिंड मनुष्याच्या दुपटीहून अधिक संहत मूत्र तयार करू शकते. शिकारीच्या मांसात सुमारे सत्तर टक्के पाणी असते. त्यामुळे उंदरावर जगणाऱ्या मांजराला वेगळे पाणी थोडेच लागते व त्याची तहानही मंद असते. पिशवीतून मिळणाऱ्या कोरड्या खाद्यात मात्र पाण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आतबाहेर असते. घरात कोंडलेले, शिकार न करणारे व केवळ अशा खाद्यावर वाढलेले मांजर ही तूट पाणी पिऊन पूर्णपणे भरून काढीत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा ही तूट अधिकच जाणवते.

मूत्र संहत झाले की त्यातील क्षार स्फटिकरूप घेण्याचा संभव वाढतो. मांजरांत दोन प्रकारचे खडे प्रामुख्याने आढळतात : मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचे, म्हणजे स्ट्रुव्हाइटचे, आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे. मांसाहाराने मूत्र आम्लधर्मी होते व आम्लधर्मी मूत्रात स्ट्रुव्हाइट विरघळते. धान्यप्रधान आहाराने मूत्र अल्कधर्मी होऊन त्यास अनुकूल परिस्थिती उत्पन्न होते. केवळ भाकरीवर मांजर पोसणे या दृष्टीनेही इष्ट नाही. तथापि, सर्व दोष खड्यांच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. मूत्राशयाच्या विकारांनी पीडित मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मांजरांत खडा सापडत नाही, जंतूही सापडत नाहीत. मूत्राशयाला निष्कारण वाटणारा दाह झालेला असतो. घरातील बदल, नवे जनावर, कोंडून राहणे यांमुळे उत्पन्न होणारा ताण हा या दाहाचा एक प्रमुख प्रेरक मानला जातो. तरुण मांजरांत जंतुसंसर्ग हे कारण विरळाच असते. म्हणून तपासणीवाचून प्रतिजैविके देण्यास फारसा आधार नाही.

मादीचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असतो; बोक्याचा लांब असून टोकाशी अत्यंत निरुंद होतो. तेथे स्फटिक, श्लेष्मा व दाहजन्य द्रव्ये यांचा बोळा अडकला की मूत्रावरोध होतो. मुखेडच्या शेतकऱ्याला ही घटना सर्वस्वी अपरिचित नाही. खच्ची केलेल्या बैलाच्या मूत्रमार्गाच्या नागमोडी वळणात मूतखडा अडकतो, तेव्हा बैलाला तातडीने उपचार हवेत हे तो जाणतो. बोक्याची अवस्था तत्त्वतः तीच असते. भेद इतकाच की बोका पुनःपुन्हा बसून कुंथतो आणि घरच्या माणसांना ते मलावरोधाचे लक्षण वाटते. मग एरंडेल पाजले जाते व मोलाचे तास निघून जातात.

अवरोधानंतरची परंपरा ठरलेली आहे. मूत्राशय ताणला जाऊन वेदना होते. मागे साचलेल्या दाबामुळे मूत्रपिंडाचे गाळण्याचे कार्य थांबते. युरिया व क्रिएटिनिन रक्तात साठतात. त्यांच्यायोगे मळमळ, वांती व मुखात व्रण उत्पन्न होतात, आणि मांजर अन्नापासून तोंड फिरविते. याच वेळी रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाची गती मंदावते. पूर्ण अवरोध एक-दोन दिवस टिकल्यास प्राणी कोसळतो. सुमारे तीन दिवसांत मृत्यू संभवतो. म्हणजे ‘दोन दिवसांपासून खात नाही’ या वाक्यात कित्येकदा उपलब्ध अवधीचा बहुतेक भाग संपलेला असतो.

वृद्ध मांजरांत चित्र याहून भिन्न असते. जीर्ण मूत्रपिंडविकारात लघवी कमी न होता वाढते, तहान वाढते, वजन हळूहळू घटते व भूक मंदावते. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर मूत्रपिंडाची सुमारे तीन-चतुर्थांश कार्यशक्ती नष्ट झालेली असते. शिवाय क्षुधामांद्य हे स्वतःही रोगाचे कारण बनते. स्थूल मांजर काही दिवस उपाशी राहिले, की शरीरातील मेद यकृतात साठून यकृत निकामी होऊ लागते. म्हणून मूळ विकारावर उपचार चालू असतानाच पोषणाची व्यवस्था करावी लागते. प्रसंगी नळीने अन्न द्यावे लागते.

मूत्रावरोधात पोटाच्या मागील भागी लिंबासारखा कठीण, दुखरा गोळा हाताला लागतो. घरी तो दाबू नये. मूत्राशय फुटण्याचे भय असते. चिकित्सेत पोटॅशियमच्या दुष्परिणामापासून हृदयाचे रक्षण करण्यास कॅल्शियम ग्लुकोनेट देणे, शिरेवाटे द्रव देणे व भूल देऊन नळीने मार्ग मोकळा करणे हे टप्पे येतात. मार्ग मोकळा झाल्यावर काही काळ मूत्र अतिप्रमाणात वाहते. त्या वेळी द्रवाचा हिशेब ठेवला नाही तर वाचलेले मांजरही दगावू शकते. ज्वरनाशक म्हणून पॅरासिटॅमॉल कदापि देऊ नये. त्याचा निचरा करणारी यकृतातील प्रक्रिया मांजरांत अत्यंत दुर्बल असल्यामुळे माणसाची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

मराठवाड्यात पशुवैद्यकाचे उच्च शिक्षण परभणी येथील १९७२ च्या आणि उदगीर येथील १९८७ च्या महाविद्यालयांमुळे उपलब्ध झाले. उदगीर मुखेडला तुलनेने जवळ आहे. परंतु रुग्णालय जवळ असणे आणि रुग्ण वेळेत पोहोचणे या भिन्न गोष्टी आहेत. खेड्यातील दवाखान्यात मांजराची नोंद करताना भुकेच्या आधी लघवीचा रकाना भरला जावा. शेवटची लघवी केव्हा झाली, किती झाली, तिच्यात रक्त होते काय, एवढे तीन प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत. त्यांस खर्च लागत नाही. आणि बोक्याचा जीव बहुधा त्यांच्या उत्तरांवरच अवलंबून असतो.